ज्याच्या हाती नासलं

फार पूर्वीची गोष्ट म्हणावी तर तितकी पूर्वीची नाही, आणि कालपरवाची म्हणावी तर त्या वेळी दूध बैलगाडीतून यायचं. नदीच्या एका अंगाला एक शहर होतं आणि दुसऱ्या अंगाला डोंगर. शहर लहान होतं तोवर त्याला वेशीबाहेरच्या चार गोठ्यांचं दूध पुरायचं. धार काढली की चूल पेटायच्या आत दूध घरात. मग शहर वाढलं. गोठे होते तिथे घरं उठली, घरांत माणसं राहायला आली, आणि त्या माणसांनाही खीर, दही, बासुंदी लागायचीच. दूध लांबून आणायची वेळ आली, ती थेट डोंगरावरच्या गवळीवाड्यातून.

डोंगर ते शहर या वाटेत दूध पाच हातांतून जायचं. वाड्यातली गवळण पहाटे म्हशींची धार काढायची. तट्टूवाला दुधाचे चार हंडे दोन तट्टांवर लादून घाट उतरायचा. नावाडी ते होडीतून नदीपार करायचा. अलीकडच्या काठावर गाडीवान उभा असायचा; तो हंडे गाडीत ठेवून तीन कोसांवरच्या वेशीपर्यंत आणायचा. आणि वेशीतल्या ओट्यावर बसून एक म्हातारी ते मापानं विकायची. तिला सगळं शहर दूधआजी म्हणायचं.

आता दूध म्हणजे काही नाचणी नव्हे, की कणगीत भरून ठेवली आणि विसरलो. ऊन लागलं, उशीर झाला की ते नासतं. सुरुवातीला नासलं की पाचही जण एकमेकांकडे बोट दाखवायचे. गवळण म्हणायची, तट्टूवाला उशिरा येतो. तट्टूवाला म्हणायचा, नावाडी होडी भरल्याशिवाय सोडत नाही. शेवटी रोजच्या भांडणाला कंटाळून पाचांनी बसून एक नियम केला: ज्याच्या हाती नासलं, त्याच्या माथी बसलं. पुढच्याच्या हवाली करताना दूध चांगलं असलं, की आपण सुटलो. नियम सोपा होता, लहान पोरालाही पाठ होईल असा होता, आणि सगळ्यांना वाटलं, चला, भांडण मिटलं.

आपली गोष्ट आहे ती यांतल्या गाडीवानाची.

माणूस सरळ होता. आपण आजवर कुणाची काडी उचलली नाही असं तो स्वतःच सांगायचा, आणि ते खरंही होतं. त्याचे हौशा आणि नवशा असे दोन बैल होते. नवशा कामाला वाघ. हौशाला मात्र वाटेत सावली दिसली की संसाराचा वीट यायचा. शेताच्या बांधावरच्या चिंचेखाली तो जो उभा राही, तो आपल्या मर्जीनंच निघे. गाडीवानाला त्याच्यावर चाबूक उगारवत नसे, म्हणून तोही खाली उतरून चिंचेला टेकायचा.

थंडीचे दिवस होते तोवर हे चालून गेलं. चैत्र लागला, आणि एकाच आठवड्यात दोनदा दूध गाडीवानाच्या हाती नासलं. दोन्ही वेळा चारही हंड्यांची भरपाई त्यानं एकट्यानं केली. दुसऱ्या वेळी तो घरी येऊन ओसरीवर कपाळाला हात लावून बसला. अंगणात त्याची बायको पापड लाटत होती.

“काय झालं?” तिनं मान वर न करता विचारलं.

“नासलं.”

“मग त्यात एवढासा पापडखार टाकत जावा की. दूध टिकतं म्हणतात त्यानं.”

“दुधात खार?”

“मग पापडात काय मी माती घालते?”

दुसऱ्या दिवशी त्यानं पापडखाराची पुडी बरोबर घेतली. हौशा चिंचेखाली थांबला तेव्हा त्यानं इकडेतिकडे बघितलं, हंड्यांची झाकणं काढली आणि प्रत्येकात एक चिमूट टाकली. भर दुपारी वेशीत दूधआजीनं झाकण उघडून पाहिलं. दूध जसंच्या तसं होतं. गाडीवानाचा जीव भांड्यात पडला.

इकडेतिकडे का बघितलं, हे मात्र त्यानं स्वतःला विचारलं नाही. एक चिमूट ती काय, असं म्हणून त्यानं त्या दिवशी विषय मिटवला. मग तो रोज मिटवत राहिला.

वैशाखात शहरात आजार आला. आधी वेशीजवळच्या आळीत तीन पोरांना उलट्या आणि जुलाब झाले. मग पलीकडच्या आळीत सात जणांना. लोकांनी आधी आंब्यांना नावं ठेवली, मग विहिरीच्या पाण्याला, मग शेजाऱ्यांना. तांबटाच्या घरचं तान्हं पोर तर दूध ओकून ओकून असं थकलं, की रडायचंही विसरलं. तीन दिवस त्यानं डोळे नीट उघडले नव्हते.

शहरातले वैद्यबुवा म्हातारे होते, पण डोक्यानं तरतरीत. त्यांनी आजारी घरं मोजली नाहीत. प्रत्येक घरी जाऊन विचारलं, सकाळपासून पोटात काय काय गेलं. सगळ्या घरांत एकच गोष्ट सारखी निघाली. दूध दूधआजीचं. मग त्यांनी आजीच्या हंड्यातलं दूध मागवलं, चाखलं आणि चुलीवर ठेवलं. दुपारचं ऊन खाल्लेलं दूध. त्याला वासही उतरल्यासारखा येत होता. चुलीवर ते फाटायला हवं होतं. ते फाटलं नाही, उतू गेलं.

“यात खार आहे,” वैद्यबुवा कोतवालाला म्हणाले. “चव बघा, राखेच्या पाण्यासारखी आहे. आणि हे चिमटीचं काम नाही. कुणीतरी मूठ घातली आहे.”

कोतवालानं दूधआजीला बोलावलं. ती कानांवर हात ठेवून म्हणाली, “मी काही घातलं नाही, बाबा.” पण दूध तिच्या हंड्यात सापडलं होतं, तिच्या ओट्यावर सापडलं होतं. कोतवालाला आणखी काय हवं होतं? त्यानं हंडे जप्त केले, डोंगरच्या दुधाला वेस बंद केली, आणि सांगितलं की आठवडी बाजाराच्या दिवशी चावडीवर निवाडा होईल. दोष सिद्ध झाला तर म्हातारीनं शहर सोडायचं. तीस वर्षं ती त्या ओट्यावर बसत होती. शहराबाहेर तिला ओळखणारं कुत्रंही नव्हतं.

हे सगळं गाडीवान गर्दीत उभा राहून ऐकत होता. खार म्हटल्यावर तो मागच्या मागे सरकू लागला. पण मूठ म्हटल्यावर तो थांबला. तो तर चिमूट घालत होता. म्हणजे मूठ घालणारा दुसराच कुणीतरी होता. गाडीवानाला आधी बरं वाटलं आणि मग त्या माणसाचा भयंकर राग आला. लेकराबाळांच्या दुधात मूठभर खार घालणारा हा कोण राक्षस? म्हातारी तसं करणार नाही, याची त्याला खात्री होती. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ द्यायची नाही, असं त्यानं ठरवलं. वेस बंद असल्यानं गाडी रिकामीच होती. तो त्या राक्षसाला शोधायला डोंगराकडे निघाला.

पहिला लागला नावाडी. वयानं मोठा, म्हणून सगळे त्याला तात्या म्हणायचे. गाडीवान होडीत बसला आणि होडी काठावरून सुटल्यावर म्हणाला, “तात्या, दुधात काय घालता का तुम्ही?”

“माझ्या होडीत बसून मलाच चोर ठरवतोस व्हय रं?” नावाड्यानं वल्हं आपटलं. “उतर खाली.”

उतरायला खाली नदी होती. गाडीवानानं होडीची कड धरली. होडी अर्ध्या नदीत आली. मग गाडीवानाच्या ध्यानात आलं, की दुसऱ्याला बोलतं करायचं तर आधी आपलं सांगावं लागेल.

“मी घालतो,” तो म्हणाला. “चैत्रापासनं. हंड्याला एक चिमूट पापडखार.”

नावाड्यानं वल्हं थांबवलं. होडी थोडी वाहत गेली.

“चिमूटच ना?”

“चिमूटच.”

“मग तू न्हाईस तो. मी बी तेवढाच घालतो,” नावाडी आता हळू बोलत होता. “एका माणसासाठी होडी सोडली तर माझं पोट कसं चालायचं? चार उतारू यायची वाट बघावी लागते, आन तोवर दूध तापतं. म्हणून आपली चिमूट. पण तो मूठ घालणारा हुडकून काढ तू. असल्या माणसाला सोडू नगं.”

घाटाच्या पायथ्याशी तट्टूवाला झाडाखाली आडवा झाला होता. त्याची दोन्ही तट्टं फुकटची सुट्टी खाऊन सुस्तावली होती. या वेळी गाडीवानानं विचारण्याआधीच स्वतःचं सांगून टाकलं. तट्टूवाला उठून बसला.

“दादा, तुम्ही बोललात म्हणून बोलतो. मी पण टाकतो,” तो म्हणाला. “घाटात तट्टाचा पाय घसरला, थांबावं लागलं, तर चार हंडे माझ्या बोडक्यावर. पण माझी चिमूट म्हणजे अगदी बारीक. ही बघा ना बोटं.”

त्याची बोटं मुळ्यासारखी जाड होती. गाडीवान त्यांच्याकडे बघतच राहिला. आता चिमटी तीन झाल्या होत्या. पण अजून गवळण उरली होती. मूठ तिचीच असणार, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि घाट चढला.

गवळण अंगणात ताक घुसळत होती. वेस बंद झाल्यापासून एवढ्या दुधाचं दही लावून लोणी काढण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. घाट चढून आलेला माणूस बघून तिनं आधी पितळी पेल्यात ताक भरून त्याच्या हातात दिलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. गाडीवानानं पेला नाकाशी नेऊन दोनदा वास घेतला. ते तिनं बघितलं.

“प्या भाऊ, निवांत,” ती म्हणाली. “त्यात काही नाही. घरच्या खाण्यात मी नाही घालत.”

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. रवी हातात तशीच राहिली. गाडीवानही पेला हातात धरून उभा होता. त्याच्या घरी दुधाला दोन शेळ्या होत्या. चैत्रापासून त्याच्या पोरांनी गाडीतल्या हंड्यातलं दूध एकदाही चाखलं नव्हतं, आणि ते तसं का, हे त्याला आत्ता, या अंगणात समजलं.

“किती घालता, ताई?” त्यानं विचारलं.

“चिमूट. तट्टूवाला पार ऊन चढल्यावर येतो. पहाटेचं दूध तोवर माझ्या हाती असतं.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “पण मूठ मी घातली नाही. माझ्या म्हशींची आण.”

तिच्यावर अविश्वास दाखवायला काही कारणच नव्हतं. गाडीवान घाट उतरू लागला. थेंबे थेंबे तळे साचे हे तो लहानपणापासून ऐकत आला होता, पण लोक ते नेहमी चांगल्या गोष्टींबद्दल म्हणायचे. उतरताना त्यानं वाटेत तट्टूवाल्याला सांगितलं, नदीत नावाड्याला सांगितलं.

“म्हंजे मूठ घालणारा कुणी न्हाईच?” नावाडी म्हणाला.

“आहे की. आपण.”

नावाडी बराच वेळ वल्हवत राहिला. काठ जवळ आल्यावर म्हणाला, “मग आता गप बस. म्हातारी गेली की वेस उघडंल. पुढं कुणी घालायचं न्हाई म्हंजे झालं. तू बोललास तर पाची जण बुडतील.”

हे बोलणं वेडेपणाचं नव्हतं. गाडीवानानं त्यावर तीन कोस विचार केला. वेशीत पोचला तेव्हा दूधआजी रिकाम्या ओट्यावर बसली होती. समोर हंडे नव्हते, गिऱ्हाइकं नव्हती, तरी ती रोजच्या वेळेला येऊन बसली होती. गाडीवान तिच्या शेजारी टेकला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं.

“मग माझी धरून पाच,” दूधआजी म्हणाली. “शेवटचं माप जातं तोवर दुपार कलते. घरी नेऊन नासलं की लोक दुसऱ्या दिवशी माझ्या अंगावर येतात. म्हणून घालत होते. वैद्यबुवा मूठ म्हणाले तेव्हा मलाही वाटलं, आपण नाही, वरचं कुणीतरी.” तिनं रिकामं माप पालथं घातलं. “तांबटाच्या पोराला रोज मीच माप घालायचे. त्याच्या आईला वर चार थेंब जास्तीच घालायचे, तान्हं आहे म्हणून.”

गाडीवानाला तिच्याकडे बघवेना.

घरी त्यानं बायकोला सांगितलं, की आपण उद्या चावडीवर बोलणार. गाडी गेली तर खायचं काय, असं ती म्हणाली, आणि तिचं चूक नव्हतं. मग ती आत गेली आणि फडताळातून पापडखाराची पुडी घेऊन आली.

“मीच सांगितलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. “हेही सांगा तिथं.”

बाजाराच्या दिवशी चावडी गच्च भरली. कोतवालानं निवाडा सांगायला सुरुवात केली: म्हातारीनं दुधात भेसळ केली, शहराची लेकरं आजारी पाडली, म्हणून सूर्य मावळायच्या आत तिनं वेशीबाहेर व्हावं. इतक्यात गाडीवान पुढे झाला. कोतवालासमोर पानाचं तबक होतं. त्यातली पानं त्यानं बाजूला सारली, पुडी सोडली आणि मोकळ्या जागेत एक चिमूट ठेवली.

“हे काय?” कोतवाल म्हणाला.

“माझं, साहेब. हंड्याला एवढा खार मी घालत होतो.”

गर्दीत एकदम गलका झाला. कुणी त्याला ओढायला पुढे आलं. वैद्यबुवांनी हात वर केला.

“ही चिमूट आहे,” ते म्हणाले. “दुधात मूठ होती.”

“बाकीची यायची आहे,” गाडीवान म्हणाला, आणि मागे वळून बघितलं.

नावाडी मागच्या खांबाशी उभा होता. निवाडा काय होतो ते बघायला आला होता. तो आपल्या पायांकडे बघू लागला. तट्टूवाला त्याच्यामागे लपला. कुणीच हललं नाही. गाडीवानाला वाटलं, आपण एकटेच बुडालो. मग बायकांच्या बाजूनं गवळण पुढे आली. पहाटेच्या धारा उरकून, नदी ओलांडून ती चालत आली होती.

“माझी चिमूट पहिली पडते,” असं म्हणून तिनं पुडीतून खार उचलला आणि तबकात ठेवला. मग नावाड्यानं तट्टूवाल्याचं मनगट धरलं आणि दोघं बरोबरच आले. तट्टूवाल्याची चिमूट सगळ्यांत मोठी निघाली. शेवटी दूधआजी उठली. तिच्या चिमटीतला थोडा खार तबकाबाहेर सांडला. तो तिनं बोटानं टिपून आत घातला.

वैद्यबुवांनी तबकातला ढीग तळहातावर घेतला आणि मूठ मिटली. मूठ गच्च भरली नाही; पण हा एकाच हंड्याचा हिशेब होता, चारांचा धरला तर गच्च भरली असती.

“पण एक चिमूट तर पापडातही असते,” गर्दीतला एक हलवाई म्हणाला. “त्यानं पोरं कशी आजारी पडतील?”

“खारानंच पडली नाहीत,” वैद्यबुवा म्हणाले. “नीट ऐका. खारानं दूध नासायचं थांबत नाही. ते आतून नासतंच. फक्त फाटत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही. दूध फाटतं तेव्हा ते सांगत असतं, की बाबा, मला पिऊ नकोस. या पाच जणांनी त्या दुधाचं तोंड बंद केलं. आणि आपण ते लेकरांना पाजलं.”

आता कोतवाल खवळला. त्यानं फर्मावलं, एकीऐवजी पाचही जणांना शहर बंद. लोकांनी माना डोलावल्या. तेव्हा दूधआजी बोलली. स्वतःचा निवाडा ऐकताना ती गप्प होती, आता मात्र राहवलं नाही तिला.

“घाला बाहेर, आम्ही त्याच लायकीचे आहोत,” ती म्हणाली. “पण आमच्या जागी दुसरे पाच येतील. त्यांच्याही हाती दूध नासेल. ज्याच्या हाती नासलं त्याच्या माथी, हा नियम जोवर आहे, तोवर येईल तो आपल्यापुरतं बघणार आणि झाकण लावून पुढे ढकलणार. तो नियम आम्हीच केला. भांडण नको म्हणून केला. त्यानंतर आम्ही भांडलो नाही, हे खरं. पण एकमेकांशी खरंही बोललो नाही.”

वैद्यबुवा पुढे झाले. बराच वेळ बोलणं चाललं. शेवटी ठरलं ते असं, की आजारी घरांच्या औषधपाण्याचा सगळा भार पाचांनी उचलायचा, पुढच्या पावसाळ्यापर्यंत. आणि दूध कुणाच्याही हाती नासो, तोटा पाचांनी सारखा वाटून घ्यायचा. तट्टूवाल्यानं घाटाच्या वळणावरून हाळी द्यायची आणि ती ऐकल्यावरच गवळणीनं धार काढायची. हंड्यांना ओलं गोणपाट. होडी उतारूंसाठी थांबणार नाही. वेशीत दूध आलं की आजीनं आधी उकळायचं आणि मग विकायचं. मापाला आता थोडं जास्त मोजावं लागणार होतं, कारण नावाड्याची रिकामी फेरी आणि आजीची लाकडं कुणाच्या तरी खिशातून जायलाच हवी होती.

हे ऐकल्यावर मघाचाच हलवाई म्हणाला, “चूक यांची आणि दाम आम्ही वाढवून द्यायचा?”

“तुम्हाला दूध स्वस्त हवं, दुपारी हवं आणि चांगलं हवं,” वैद्यबुवा म्हणाले. “डोंगरावरून तिन्ही एकदम येत नाहीत. आजवर स्वस्त आणि दुपारचं घेतलंत. तिसरं कुठं गेलं ते बघितलंत ना?”

तांबटाच्या पोरानं ते दूध बंद झाल्यावर चौथ्या दिवशी डोळे उघडले आणि आठव्या दिवशी आळी दणाणून सोडेल असं रडलं. त्याच्या आईनं मात्र दूधआजीच्या ओट्याकडे परत पाऊल टाकलं नाही. आणखीही पुष्कळ घरांची गिऱ्हाइकी तुटली. आजीनं कितीही सांगितलं, की आता काही घालत नाही, तरी लोक म्हणायचे, तेव्हाही नाहीच म्हणाली होती. ते म्हणत होते त्यात खोटं काही नव्हतं. उकळलेलं दूध रोज निम्मं उरायचं आणि त्याचं दही व्हायचं.

असा महिना गेला. ज्येष्ठातल्या एका दिवशी गाडीचा आख मोडला. भोवती माळरान, वर ऊन, आणि हाताशी कुणी नाही. गाडीवानानं गोणपाट दोनदा भिजवलं, हौशाला आणि नवशाला सोडून हंड्यांवर गाडीची सावली धरली, लांबच्या वस्तीवरून सुतार बोलावून आणला. एवढं करून वेशीत पोचेपर्यंत दुपार टळून गेली होती. दूधआजीनं पहिला हंडा चुलीवर चढवला आणि दोघं बघत असताना तो फाटला. दुसराही फाटला. चारही फाटले.

“आता?” गाडीवान म्हणाला. माप हातात घेतलेली पंधरावीस माणसं ओट्यासमोर उभी होती. महिनाभर टिकून राहिलेली गिऱ्हाइकं तेवढीच होती. तीही जाणार, हे त्याला समोर दिसत होतं.

दूधआजी ओट्यावर उभी राहिली. बसूनही सांगता आलं असतं, पण ती उभी राहिली.

“आज दूध नाही,” ती म्हणाली. “नासलं.”

लोक कुरकुरले. घरी पाहुणे आलेत, एक जण म्हणाला. पोराला काय देऊ, दुसरीनं विचारलं. आजीनं फाटलेल्या दुधाचा हंडा पुढे ओढला, म्हणजे बघायचं त्यानं बघावं. कुणाला दुसरी सबब तिनं सांगितली नाही, गाडीवानाचं नाव घेतलं नाही, उद्या येतं म्हणून हातापाया पडली नाही. हळूहळू सगळे रिकामी भांडी घेऊन गेले. गाडीवान खाली मान घालून बसला होता.

रस्त्यापलीकडे तांबटाची बायको पोराला कडेवर घेऊन उभी होती. ती कधीपासून बघत होती कोण जाणे. ती रस्ता ओलांडून आली, वाकून हंड्यात बघितलं. पिवळं पाणी आणि फाटलेल्या दुधाच्या गाठी.

“खरंच नासलं?” तिनं विचारलं.

“हो ग, बाई.”

“आणि तुम्ही तसं सांगितलंत.”

“मग काय सांगू?”

पोर हंड्यातल्या गाठींकडे हात करत होतं, तो तांबटिणीनं मागे घेतला.

“उद्यापासून आमचं माप परत घाला,” ती म्हणाली.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: सगळं नुकसान एकाच्याच माथी मारणारा नियम माणसाला लपवायला शिकवतो, आणि जे आपण घरच्या पेल्यात घालणार नाही, ते दुसऱ्याच्या हंड्यात चिमूटभरही घालू नये.